वर्षाला १,७९९ रुपयांची झोपमोड

पाचपैकी दीड तारा. एक तारा नकाशाला, कारण नकाशा खरंच देखणा आहे. अर्धा त्यांच्या फोनवरच्या मुलीला, ते का ते पुढे येईलच. ॲपचं नाव देत नाही. याच धर्तीची आणखी ॲपं बाजारात आहेत आणि माझं भांडण एका नावाशी नाही. ‘उपग्रहाच्या साहाय्याने भूकंपाची पूर्वसूचना, ७ ते १० दिवस आधी’ अशी जाहिरात दिसली, की हाच माल समजा.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे. बावीस वर्षं झाली. आवक, सौदा, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, हे माझं काम. आयनोस्फिअर वगैरे मला कळायचं काही कारण नाही. पण पैसे मोजून घेतलेला माल काट्यावर भरतो की नाही, एवढं कळतं. म्हणून पहिल्या दिवसापासून रोजमेळाच्या मागच्या कोऱ्या पानांवर या ॲपचा हिशेब ठेवला. पुढे आहे तो त्या पानांचा उतारा.

घेतलं का, ते आधी सांगतो. आमचं गाव किल्लारीपासून चार कोसांवर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून सगळं गाव दमून झोपलेलं. आमच्या घरातली तीन माणसं गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही. माय राहिली, मी राहिलो. तेव्हापासून माय दाराजवळ झोपते, दाराला कडी लावू देत नाही, उशाला बॅटरी आणि पायातल्या चपला ठेवते. लातूरला पक्क्या घरात येऊन वीस वर्षं झाली तरी हे तसंच आहे आणि आम्ही त्याला हात लावत नाही.

२८ मार्च २०२५ ला म्यानमारात ७.७ चा भूकंप झाला. बँकॉकमधली ती बांधकाम चाललेली उंच इमारत पत्त्यांसारखी खाली आली, ते टीव्हीवर दिवसभर दाखवत होते. माय दिवसभर बघत होती. त्या रात्री तिनं खाट ओढून पार उंबऱ्याला लावली. त्याच आठवड्यात माझ्या फोनवर ही जाहिरात यायला लागली. १४ एप्रिलला यार्ड बंद होतं, घरी बसून पैसे भरले. महिन्याला १९९, एकदम वर्षाचे भरले तर १,७९९. मला वाटलं, मायला एकदा दाखवता येईल की बाई, आता आभाळातून पाहारा आहे, नीट झोप.

ॲप उघडलं की काळा नकाशा आणि त्यावर तीन पडदे. पहिला उष्णतेचा. दुसऱ्याला ते टीईसी म्हणतात. तिसरा ‘भू-हालचाल’. रंग छान आहेत, बोटानं फिरवलं की पृथ्वी लोण्यासारखी फिरते. मराठी मात्र यंत्रानं केलेली: ‘आपल्या प्रदेशात आयनोस्फेरिक विसंगती आढळली आहे, कृपया तयार रहा.’ कशाला तयार राहायचं ते लिहिलेलं नाही. इशाऱ्याचा आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा, आणि ‘अतिगंभीर’ इशारा असेल तर फोन मूक ठेवला तरी वाजतो. ही सोय म्हणून सांगितली आहे.

माझा भाचा पुण्यात भूगोलाकडून उपग्रह-चित्रांचं शिकतो. त्याला फोन करून विचारलं, बाबा, हे तीन पडदे म्हणजे काय? तो हसला नाही. त्यानं सरळ समजावलं, म्हणून मलाही सांगता येतंय.

उष्णतेचा पडदा असा. काही उपग्रह जमिनीतून निघणारी उष्णता मोजतात. नासाच्या टेरा आणि ॲक्वाची आकडेवारी तर कुणालाही फुकट मिळते. म्हणणं असं, की खडकावर ताण आला की त्यातून वायू किंवा विद्युतभार सुटतात आणि वरची जमीन दोन-चार अंशांनी तापते. २००१ च्या भुजच्या भूकंपाआधी तशी जमीन तापलेली दिसते, असं रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी जुनी चित्रं काढून मांडलं होतं. आता ‘जुनी चित्रं काढून’ यातच मेख आहे. भाव चढल्यावर ‘मी म्हणालो होतो’ म्हणणारे यार्डातल्या चहाच्या टपरीवर मला रोज भेटतात. आणि आपल्याकडे जमीन तापायला भूकंप लागतो काय? एप्रिलात तूर-हरभरा निघून गेलेली काळी रानं उघडी पडतात, शेजारी उसाचा हिरवा फड असतो, दोन्हींत दुपारी केवढा फरक पडतो ते चपला काढून चालून बघा. ॲपनं २६ एप्रिलला आमच्या जिल्ह्यावर लाल डाग दाखवला. भाच्यानं तोच दिवस आदल्या वर्षीच्या चित्रात काढून दाखवला. तोच डाग, तिथंच.

शिवाय हा पडदा ढगाआड आंधळा. जून लागला आणि मराठवाड्यावर ढग आले, की खालच्या जमिनीची उष्णता वर पोचतच नाही. तरी ॲप चार महिने ‘सामान्य’ असं हिरव्या अक्षरात दाखवत राहिलं. ‘दिसत नाही’ असं लिहायला हवं होतं. रोजमेळात जमा शून्य लिहिणं वेगळं आणि पान फाडून टाकणं वेगळं. किल्लारीचा भूकंप सप्टेंबरातला, हे मी विसरू शकत नाही.

दुसरा पडदा टीईसीचा, म्हणजे आपल्या डोक्यावर शेकडो किलोमीटर उंचीवर विद्युतभारित थर आहे, तोच आयनोस्फिअर, त्यात इलेक्ट्रॉन किती याची मोजणी. जीपीएसच्या उपग्रहाकडून येणारा संदेश या थरातून येताना किंचित रेंगाळतो. दोन वेगवेगळ्या लहरींवर आलेला उशीर ताडून बघितला की इलेक्ट्रॉनचा अंदाज येतो. ही विद्या खरी आहे, त्यात खोट नाही. खोट पुढे आहे.

१ जूनची रात्र, म्हणजे २ तारीख लागली होती. दोन वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजला. मी धडपडत उठेपर्यंत माय अंगणात. खाट तिनं एकटीनं बाहेर नेलेली, वरून पावसाची भुरभुर, आणि ती खाटेवर बसून माझ्या पोरीला हाका मारतेय. पोरगी झोपेतच, चादरीसकट उचलून आणली. बायकोनं गॅसचं बटण बंद केलं. मी फोन हातात धरून उभा.

‘‘काय म्हणायलंय रे ते?’’

‘‘काही नाही माय. विसंगती म्हणायलंय.’’

‘‘मंजी भूकंपच ना? मला वाचता येत नाही, पर आवाज कळतो की.’’

पहाटे साडेपाचपर्यंत आम्ही चौघं अंगणात होतो. शेजारचे उठून आले, मग त्यांनीही आपल्या माणसांना बाहेर काढलं. दूधवाला आला तेव्हा गल्लीत आठ खाटा होत्या. काही झालं नाही. भांडंही वाजलं नाही. इशारा दहा दिवसांचा होता, म्हणून मायनं दहा रात्री बाहेर काढल्या. पाऊस असेल तेव्हा व्हरांड्यात. सत्तर पार केलेली बाई. अकराव्या दिवशी तिला ताप भरला, दवाखान्याचे साडेआठशे. ते मी रोजमेळात याच ॲपच्या नावे टाकलेत.

सकाळी भाच्याला फोन. तो म्हणाला, ‘‘मामा, काल सूर्यावरून आलेलं वादळ पृथ्वीवर आदळलं. अशा वेळी आयनोस्फिअर जगभर ढवळून निघतं.’’ खरंच, १ जूनला मोठं सौर वादळ होतं, पाच पायऱ्यांच्या मोजमापात चौथ्या पायरीचं. ॲपला सूर्य माहीतच नव्हता. त्यात आपण विषुववृत्ताच्या जवळचे. आपल्या डोक्यावरचा हा थर वादळ नसतानाही रोज वरखाली होतो, सूर्य मावळल्यावर तर जास्तच. आणि तो सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातला जोराचा काळ. पोळ्याच्या दिवशी ढोल-ताशात कुजबुज ऐकायला जाण्यातला प्रकार. १२ नोव्हेंबरला पुन्हा तसंच मोठं वादळ आलं आणि पुन्हा इशारा आला. तेव्हा मात्र फोन मी यार्डातल्या पेटीत ठेवून आलो होतो.

तरी मला वाटायचं, एवढे मोठे देश या मागे आहेत ते काय वेडे आहेत? भाच्याला तसं विचारलं. वेडे नाहीत. फ्रान्सनं २००४ मध्ये याच कामासाठी डेमेटर नावाचा उपग्रह सोडला, तो २०१० च्या अखेरीपर्यंत चालला. चीननं इटलीला सोबत घेऊन फेब्रुवारी २०१८ मध्ये एक सोडला आणि जून २०२५ मध्ये दुसरा. त्यांच्या मालिकेला झांग हेंगचं नाव आहे, ज्यानं इसवी सन १३२ मध्ये भूकंपाची दिशा दाखवणारं भांडं केलं होतं. डेमेटरच्या माहितीतून एक गोष्ट निघाली: हजारो भूकंप एकत्र धरले, तर रात्रीच्या वेळी, उथळ भूकंपांच्या आधीच्या चार तासांत, रेडिओ लहरींची एक विशिष्ट पट्टी किंचित मंद झालेली दिसते. किंचित, आणि हजारोंची सरासरी काढल्यावर.

हे मला लगेच समजलं. हजार पोती तूर एका काट्यावर मोजली आणि पोत्यामागे वीस ग्रॅमची घट निघाली, तर आमचा काटा ती दाखवेल. पण समोरच्या एका पोत्याकडे बघून ‘यात वीस ग्रॅम कमी आहेत’ असं कुणी म्हणालं तर त्याला यार्डात उभा करणार नाहीत. डेमेटरवाल्या शास्त्रज्ञांनी एका पोत्याबद्दल काही म्हटलेलंच नाही. ते ॲपवाल्यांनी म्हटलं.

जपानची गोष्ट याहून मजेची. ११ मार्च २०११ च्या ९.० च्या भूकंपानंतर होक्काइडो विद्यापीठाच्या कोसुके हेकी यांनी जपानभरच्या जीपीएस केंद्रांची नोंद काढली आणि म्हणाले, भूकंपाच्या चाळीसेक मिनिटं आधी वर इलेक्ट्रॉन वाढलेले दिसतात. केवढी मोठी गोष्ट! पण दुसऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी आक्षेप काढला. मोठ्या भूकंपानंतर, समुद्र उसळला की वरच्या थरात इलेक्ट्रॉनचा खड्डा पडतो. हेकींची तुलनेसाठी धरलेली पायाची रेघ त्या खड्ड्यातून ओढलेली होती, त्यामुळे आधीची सपाट जमीनच टेकाडासारखी वाटली. हेकी मागे हटले नाहीत, त्यांनी आणखी भूकंप घेऊन उत्तरं दिली. वाद चालू आहे, आणि चालू असलेला वाद मला आवडतो. दोन आडत्यांनी चारचौघांत मालावर मूठ मारून बोलावं तसा. ॲपमध्ये मात्र ‘सिद्ध तंत्रज्ञान’ असं लिहून मोकळे झालेत.

तिसऱ्या, भू-हालचालीच्या पडद्याचं थोडक्यात. ३० जुलैला पहाटे आपल्या घड्याळात पाचच्या आत रशियात कामचाटकाला ८.८ चा भूकंप झाला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ५.४० ला श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह उडाला, नासा आणि इस्रोचा मिळून. दोन्ही बातम्या आम्ही एकाच जेवणात बघितल्या. निसार बारा दिवसांत दोनदा जवळपास सगळी जमीन बघतो, ढग असोत की रात्र, आणि ती सेंटिमीटरनं सरकली तरी सांगतो. ५ ऑगस्टला ॲपवर पट्टी आली: ‘आता निसारसह!’ भाचा म्हणाला, ‘‘मामा, निसारची बारा मीटरची छत्री अजून उघडलेलीसुद्धा नाही.’’ ती १५ ऑगस्टला उघडली. नळ बसवायच्या आधी पाणीपट्टी. निसारवर माझा काही राग नाही, उलट अभिमान आहे. ताण कुठे साठतोय, भूकंपानंतर कोणती जमीन किती सरकली, हे त्यातून कळेल. अमुक रात्री बाहेर झोपा असं तो सांगत नाही आणि त्याच्या मालकांनी तसं कधी म्हटलेलंही नाही.

आता रोजमेळ. १४ एप्रिल ते ३० नोव्हेंबर, २३१ दिवस. एकूण इशारे ४१. त्यातले ९ आमच्या भागाचे. ‘आमचा भाग’ म्हणजे लातूर मध्यभागी धरून ५०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. याचं क्षेत्रफळ काढलं तर अडीच महाराष्ट्रांहून मोठं. म्हणजे ‘तुमच्या भागात’ म्हणताना ते मुंबई, नागपूर, हैदराबाद सगळं एका टोपलीत घालून बोलतात. नऊपैकी एकदाही आमच्याकडे काही हललं नाही. उरलेले ३२ इशारे हिंदुकुश, नेपाळ, ईशान्य भारत आणि अंदमान इथले, आणि त्यातल्या २७ वर ॲपनं स्वतःच हिरवी खूण मारलेली. ५०० किलोमीटरच्या आत, दहा दिवसांत, चारच्या वर कुठलाही धक्का बसला की ते बरोबर!

इथे मी एक उद्योग केला. पेढ्याचा रिकामा डबा घेतला, १ ते २३१ अशा चिठ्ठ्या केल्या, आणि पोरीकडून डोळे मिटून ३२ चिठ्ठ्या उचलून घेतल्या. जागा ॲपच्याच ठेवल्या, तारखा चिठ्ठीच्या. मग राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी उघडून एकेक ताडली, दोन रविवार गेले. पोरीच्या चिठ्ठ्यांतल्या २५ बरोबर निघाल्या. उपग्रहाच्या २७, पेढ्याच्या डब्याच्या २५. हिंदुकुशला चारचे धक्के नेहमीचेच आहेत, तिथं दहा दिवसांच्या कुठल्याही खिडकीत हात घातला तरी काहीतरी हाताला लागतं. पोरीला मी पन्नास रुपये दिले, तिचा दर ॲपपेक्षा परवडला.

आणि जे हुकले ते ॲपच्या यादीत येतच नाहीत. १० जुलैला सकाळी नऊला हरियाणात झज्जरजवळ ४.४ चा धक्का बसला, दिल्ली घराबाहेर आली, टीव्हीवर सगळं होतं. ॲपवर त्या भागाचा त्या आठवड्यात इशारा नव्हता. मी यशाच्या यादीत शोधलं, अपयशाची यादी शोधली. दुसरी यादी नाहीच. आमच्या मालकानं फक्त नफ्याची वही ठेवायला सांगितली असती तर मी दुसरी नोकरी बघितली असती.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. ३१ ऑगस्टच्या रात्री अफगाणिस्तानात कुनारला ६.० चा भूकंप झाला. मध्यरात्रीच्या सुमारास, माणसं झोपेत, डोंगरउतारावर दगड-मातीची घरं. २,२०० च्या वर माणसं गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी काट्यावर असताना, ॲपचा संदेश: ‘आम्ही आधीच सांगितले होते! तुमच्या मित्रांना ॲप सुचवा आणि एक महिना मोफत मिळवा.’ खाली फुगे उडत होते. हिंदुकुशचा इशारा त्यांनी दिला होता हे खरं. माझ्या वहीप्रमाणे त्या भागाचा तो तेरावा.

मी त्यांच्या क्रमांकावर फोन लावला. हीच ती अर्ध्या ताऱ्याची मुलगी. मी विचारलं, कुनारमधल्या कुणाला हा इशारा पोचला होता का? म्हणाली, नाही सर, तिथे आपली सेवा नाही. मी विचारलं, तुमच्या इशाऱ्यावर तुम्ही स्वतः कधी बाहेर झोपलात का? ती गप्प. मग हळूच म्हणाली, ‘‘नाही सर. इथे कुणीच झोपत नाही.’’ तिला मी काही बोललो नाही. गणिताची पद्धत विचारली तेव्हा ‘ते गोपनीय आहे’ हे ठरलेलं उत्तर आलं, पण ते कागदावरून वाचताना तिचा आवाज वेगळा होता.

कुनारची चित्रं मायनं बघितली आणि एवढंच म्हणाली, ‘‘माळवदाचीच घरं हायेत की.’’ आमच्याकडेही तेच होतं. दोन-दोन हात रुंदीच्या दगडाच्या भिंती, मधे चिखल, वर लाकडावर हात-दीड हात पांढरी माती. उन्हाळ्यात गार. ६.२ चा भूकंप जगाच्या हिशेबात फार मोठा नाही, पण त्या मातीखाली जवळजवळ दहा हजार माणसं गेली. आणि हा भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता.

पूर्वसूचनेचं म्हणाल तर किल्लारीला ती झालीही होती, आणि उपग्रहाशिवाय. १९९२ च्या पावसाळ्यापासून त्या भागात जमिनीतून आवाज यायचे, धक्के बसायचे. त्या ऑक्टोबरात तर चांगले मोठे बसले. आम्ही शाळेत जायचो ते आवाजाच्या गप्पा मारतच. लोक काही दिवस रानात झोपले, माणसं पाहणी करून गेली, मग धक्के कमी झाले आणि सगळे घरात आले. अकरा महिन्यांनी व्हायचं ते झालं. यावर कुणी म्हणेल, मग धक्क्यांवरून ओळखायला हवं होतं. तर २०१८ च्या नोव्हेंबरापासून पालघरला, डहाणू-तलासरीकडे, असेच धक्के सुरू झाले. लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. तिथे धक्के वर्षानुवर्षं चालले आणि मोठा भूकंप काही आला नाही. हिंगोलीकडे वसमत तालुक्यात जमिनीतून गूढ आवाज कैक वर्षं येतात, २०२४ मध्ये मार्चात आणि जुलैत ४.५ चे धक्के बसले, लातूरपर्यंत चर्चा झाली. कुठले धक्के मोठ्याच्या आधीचे आणि कुठले नुसतेच, हे पायाखालच्या धक्क्यांवरून ओळखता येत नाही. मग पाचशे किलोमीटर वरून इलेक्ट्रॉन मोजून ओळखलं, असं १,७९९ रुपयांत सांगणाऱ्याला मी काय म्हणू?

एवढं सगळं वाचून ‘मग घ्यायचं काय’ असं विचारणाऱ्यांसाठी. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं ‘भूकंप’ (BhooKamp) ॲप फुकट आहे. ते झालेला भूकंप सांगतं, होणारा नाही. दचकून उठल्यावर ‘खरंच काही झालं का’ हे बघायला उपयोगी. अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाच्या इशाऱ्याची सोय असते, ती चालू ठेवा. तीही भविष्य सांगत नाही. भूकंप सुरू झाल्यावर आजूबाजूच्या फोनांना पहिली हलकी लाट जाणवते आणि मागून येणाऱ्या जोरकस लाटेच्या आधी लांबच्या लोकांना काही सेकंद मिळतात. भूकंप अगदी आपल्याच पायाखाली असेल तर तेवढेही मिळत नाहीत, हे धरून चाला.

मी आणखी एक खर्च केला. मायच्या खाटेशेजारी लोखंडी कपाट होतं, त्याच्यावर पितळी हंडा आणि लग्नातल्या परातींची उतरंड. उतरंड खाली घेतली आणि वेल्डिंगवाल्याला बोलावून कपाट दोन पट्ट्यांनी भिंतीला पक्कं करून घेतलं. तीनशे पन्नास रुपये, पाऊण तास. ह्या कामाला मी पाच तारे देतो. मायनं स्वतः हलवून बघितलं, दोनदा.

३० सप्टेंबरला आम्ही दरवर्षीसारखे गावाकडे जाऊन आलो. जुन्या जागेवर बाभळी वाढल्यात. परत येताना बसमध्ये मायनं विचारलं, ‘‘ते बोंबलणारं काढलंस का फोनमधून?’’ मी म्हणालो, वही पुरी व्हायची आहे, दोन महिने थांब. ती म्हणाली, ‘‘वही तुझी हाय. झोप माझी हाय.’’ त्याच रात्री भोंग्याची परवानगी बंद केली. ३० नोव्हेंबरला ॲप काढून टाकलं. त्या सप्टेंबरच्या संध्याकाळीच फिलिपिन्समध्ये सेबूला ६.९ चा भूकंप झाला होता, तीच तारीख. माय त्यात काहीतरी बघते. मी बघत नाही, पण वाद घातला नाही.

घेतलंच असेल तर एक ध्यानात ठेवा. ॲप काढून टाकल्यानं वर्गणी बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये जाऊन आपोआप नूतनीकरण वेगळं रद्द करावं लागतं, नाहीतर एप्रिलात पुन्हा १,७९९ कापले जातील. उरलेल्या साडेचार महिन्यांचे पैसे मी परत मागितलेत, सोबत रोजमेळाच्या अकरा पानांचे फोटो जोडलेत, पेढ्याच्या डब्याच्या हिशेबासकट. ‘आपली विनंती प्राप्त झाली आहे’ एवढं उत्तर आलंय. पैसे आले तर तेही लिहीन.